सायकलवरून वाणसामान

मनुष्यास आनंद होण्यास मोठीं साधनें लागतात असा एक समज आहे. सुटी जवळ आली म्हणजे आमचे विद्यार्थी दूरच्या प्रवासाच्या गोष्टी बोलूं लागतात, आणि ज्यांस असा प्रवास घडत नाहीं ते आपली सुटी वायां गेली असें मानतात. आम्हांस मात्र गेल्या पस्तीस वर्षांत ज्या एका सुखानें क्वचितच दगा दिला, तें घरापासून दीड किलोमीटरच्या आंत मिळतें. त्यास एक सायकल, दोन कापडी पिशव्या आणि घरांतून मिळालेली यादी एवढें साहित्य पुरतें. हें सुख म्हणजे सायकलवरून वाणसामान आणण्याचें. विषय क्षुल्लक आहे हें आम्ही जाणतों. तथापि क्षुल्लक वाटणाऱ्या कामांतच मुलांचा स्वभाव घडतो, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम या वाहनाची थोडी ओळख करून घेऊं. जुनीं माणसें सायकलीस पायगाडी म्हणत, आणि तें नांव अगदीं यथार्थ आहे. जर्मनींतील कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थानें १८१७ सालीं दोन चाकांची एक लांकडी गाडी केली. तिला पायडल नव्हतें. बसणारा जमिनीस पाय रेटीत पुढें जाई. मागाहून पुढील चाकास पायडल आलें, मग तें चाक पुरुषभर उंच झालें, आणि त्यावरून पडून पुष्कळांनीं हातपाय मोडून घेतले. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं करून मागील चाक चेननें फिरविलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवा भरलेल्या रबरी टायरचा हक्क नोंदविला. आज आमच्या दारांत उभी असलेली काळी सायकल पाहिली, तर तिची मूळ ठेवण स्टार्लीच्या सायकलीहून फारशी निराळी नाहीं. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ ज्या रचनेंत मोठा बदल करावा लागला नाहीं, ती रचना किती विचारपूर्वक केलेली असली पाहिजे!

आतां तिच्या अंगची शक्ति पाहूं. आमच्या सायकलीच्या पायडलाजवळच्या चक्रास ४४ दांते आहेत व मागील चक्रास १८. म्हणजे पायडल एकदां पुरतें फिरलें कीं मागील चाक जवळजवळ अडीच वेळां फिरतें. चाकाचा व्यास ७१ सेंटिमीटर. तेव्हां पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. दीड किलोमीटरवरील दुकान गांठण्यास पावणेतीनशें फेरे पुरे होतात, आणि इतकेंच अंतर चालावयाचें तर सुमारें दोन हजार पावलें टाकावीं लागतात. ऑक्सफर्ड येथील अध्यापक एस. एस. विल्सन यांनीं १९७३ सालीं दाखवून दिलें, कीं तितकेंच वजन तितकेंच दूर नेण्यास सायकलस्वारास पायीं चालणाराच्या सुमारें एक पंचमांश शक्ति लागते. याचें कारण कठीण नाहीं. चालतांना दर पावलास आपण आपलें सर्व अंग किंचित् वर उचलतों व खालीं टेकवितों. हातांत ओझें असेल तर तेंहि उचलावें लागतें. सायकलीवर शरीराचा व ओझ्याचा भार चाकें वाहतात, आणि पायांकडे केवळ पुढें जाण्याचें काम उरतें. दहा किलो तांदूळ हातांत घेऊन चालणारा मनुष्य वाटेंत चार वेळां हात बदलतो. तेच तांदूळ कॅरिअरवर बांधून येणारा मनुष्य वाटेंत भेटणाऱ्या स्नेह्यांशीं दोन शब्द बोलूं शकतो.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. आमच्या लहानपणीं, म्हणजे १९९० च्या सुमारास, पेठापेठांतून तासाच्या भाड्यानें सायकली मिळत. १८८६ सालीं उघडलेल्या आणि पुढें महात्मा फुले यांचें नांव लाभलेल्या मंडईच्या आसपास सकाळच्या वेळीं सायकलींच्या ओळी लागत, आणि प्रत्येक हॅण्डलास भाजीची पिशवी लोंबत असे. आमच्या वडिलांपाशींहि एक सायकल होती. ते तिच्यावरून कामावर जात, आणि ते घरीं आले म्हणजे ती घरच्या कामास मोकळी होई.

आमचें वय अकरा वर्षांचें असतां आम्हांस एकट्यानें सामान आणावयास पहिल्यानें पाठविण्यांत आलें. सीटवर बसलें तर पाय पोंचत नसत, म्हणून नळीखालून पाय घालून ती मोठी सायकल आम्ही चालवीत असूं. त्या दिवशीं रेशनच्या दुकानांतून महिन्याची तीन किलो साखर आणावयाची होती. आईनें कार्ड, मोजके पैसे आणि कापडी पिशवी दिली, व ‘पिशवी कॅरिअरला बांध, हॅण्डलला अडकवूं नकोस,’ असें दोनदां बजावलें. आम्हीं ती हॅण्डलासच अडकविली. कारण बांधण्यांत वेळ जातो, आणि मैदानावर क्रिकेटचा डाव सुरू व्हावयाचा होता. वाटेंत पिशवी डुलत डुलत पुढील चाकाच्या तारांस घांसूं लागली. आम्हांस तें कळलें नाहीं. उलट, सायकल हलकी होत चालली ती आपल्या जोरामुळेंच, असें वाटून आम्ही खूष झालों! दारांत उतरून पिशवी काढली तेव्हां तळास चार बोटें भोंक पडलेलें दिसलें. निम्म्याहून अधिक साखर रस्त्यावर सांडली होती.

आई रागाचा एक शब्दहि बोलली नाहीं. उरलेली साखर तिनें डब्यांत ओतली, डबा कितपत भरला तें वांकून पाहिलें, आणि झांकण लावलें. त्या महिन्यांत आई व वडील दोघेंहि बिनसाखरेचा चहा पीत होतीं, हें आमच्या लक्षांत यावयास चार दिवस लागले. आमच्या व धाकट्या बहिणीच्या दुधांत मात्र साखर पूर्वीइतकीच असे. शेवटीं एके सकाळीं आम्हीं, ‘माझ्या दुधांत साखर घालूं नकोस,’ असें म्हटलें. तेव्हां आई म्हणाली, ‘तूं दूध कडू तोंडानें प्यालास म्हणून रस्त्यावरची साखर परत येणार नाहीं. पुढच्या महिन्याची नीट आण म्हणजे झालें.’

पुढच्या महिन्यांत तिनें खरोखरच आम्हांस पुनः पाठविलें. पिशवी तीच होती. तळास दुहेरी कापड लावून शिवलेली. या खेपेस आम्हीं ती कॅरिअरवर तीन ठिकाणीं आंवळून बांधली, आणि वाटेंत निदान दहा वेळां उतरून तिच्या तळास हात लावून पाहिला. घरीं आल्यावर आईनें ती डब्यांत ओतली आणि डबा कांठोकांठ भरला. त्या दिवशीं झालेला आनंद क्रिकेटच्या कोणत्याहि डावानें आम्हांस दिला नाहीं. आपल्यावर टाकलेला विश्वास एकदां आपल्या हातून सांडला होता, आणि तो आपल्याच हातानें पुनः भरून आणतां आला, हें त्या आनंदाचें कारण होतें. सायकलवरून सामान आणण्याची आम्हांस जी गोडी लागली ती त्या दिवसापासून.

असो. त्या एका चुकीनें आम्हांस ओझें बांधण्याची विद्या शिकविली. ती विद्यार्थिमित्रांच्या उपयोगीं पडावी. तांदूळ, साखर, पिठाचा डबा अशा जड वस्तु कॅरिअरवर सीटच्या अगदीं लगत ठेवाव्या. त्या मागील टोंकास ठेवल्या तर भार मागील आंसाच्या पलीकडे जातो, पुढचें चाक हलकें होतें, आणि हॅण्डल हातांत डळमळूं लागतें. हॅण्डलास कोथिंबीर-मेथीसारखें हलकें सामान तेवढें, आणि तेंहि तारांस लागणार नाहीं इतकें आंखूड, अडकवावें. बांधण्यास जुन्या ट्यूबची पट्टी दोरीहून चांगली. कारण वाटेंत धक्क्यांनीं सामान बसतें व दोरी सैल पडते, पण रबर आपोआप आंवळलें जातें. पट्टीचें टोंक मात्र लोंबतें ठेवूं नये. तेलाची बाटली उभी व दोन पुड्यांच्या मधोमध ठेवावी, आणि अंडीं सर्वांत शेवटीं घ्यावीं. मागें उंच डबा असला तर नेहमींप्रमाणें पाय मागून फिरवून चढतां येत नाहीं. तेव्हां सायकल थोडी कलती करून नळीवरून पाय पुढें टाकावा. ओझें असतां वेग आंवरता ठेवावा, कारण वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें. आणि पावसांत चाकाची कड ओली झाली म्हणजे ब्रेक आणखीच कमी धरतो.

फेरीचा क्रमहि विचारानें ठरवावा लागतो. आम्ही प्रथम गिरणींत जाऊन दळण टाकतों. तें होईपर्यंत वाण्याकडील डाळ, गूळ, पोहे घेतों. मग भाजी, जी इतर सामानाच्या वर राहिली पाहिजे. आणि परततांना दळण. गिरणींतून निघालेलें पीठ ऊन असतें. हिंवाळ्याच्या सकाळीं तो डबा कॅरिअरवर बांधून निघालें कीं त्याची ऊब पाठीस जाणवते, आणि ज्वारीच्या पिठाचा वास घरापर्यंत सोबत करतो. वाटेंत एक लहानसा उतार लागतो. तेथें पाय थांबवावे, चाकाचा बारीक टकटक आवाज ऐकावा, आणि सामान जागच्या जागीं आहे ना एवढें मागें हात लावून पाहावें. इतकेंच तें सुख. पण तें आम्हांस आठवड्यांतून दोनदां मिळतें आणि आम्हांस त्याचा कंटाळा आलेला नाहीं.

या कामांत आणखी एक लाभ आहे. सायकल आपल्या मालकास मर्यादा शिकविते. पंधरा किलोंपलीकडे आमच्या सायकलीवर सुखानें मावत नाहीं; म्हणून दुकानांत पुढें मांडलेली प्रत्येक वस्तु पाहून हात धांवत नाहीं. ‘हें नेतां येईल काय?’ असा प्रश्न केला कीं ‘हें हवें आहे काय?’ हा दुसरा प्रश्न आपोआप मनांत येतो. यादीबाहेरचें सामान आणून पैशांची ओढाताण करून घेणाऱ्या घरांस ही शिकवण कांहीं थोडी नव्हे.

हल्लीं मोबाइलवर मागणी नोंदविली कीं थोड्याच मिनिटांत सामान दारांत येतें. वृद्धांस, आजाऱ्यांस आणि कामावरून उशिरा परतणाऱ्या मातांस ही सोय उपकारक आहे; तिची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या घरांत बारा-तेरा वर्षांचा धडधाकट मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांतील प्रत्येक वस्तु जर परक्या तरुणानेंच जिना चढून आणून दिली, तर त्या मुलास घर कशावर चालतें हें कळावें केव्हां? डाळीचा भाव, पिशवीचा भार, उरलेल्या पैशांचा हिशेब, या गोष्टी पुस्तकांत वाचून कळत नाहींत.

पालकांस रहदारीचें भय वाटतें, आणि तें अगदीं रास्त आहे. आजचे रस्ते आमच्या लहानपणचे नाहींत. म्हणून मुलास एकदम मोठ्या रस्त्यावर धाडूं नये. पहिल्या तीन-चार फेऱ्या आपण बरोबर जावें. गल्लीबोळांतील वाट ठरवून द्यावी. मोठा रस्ता आला तर उतरून, सायकल हातांत धरून ओलांडण्याची संवय लावावी. डोक्यास हेल्मेट असावें, निघण्यापूर्वीं ब्रेक व हवा पाहावी, आणि अंधार पडण्याच्या आंत घरीं यावें. आणि मुलगा एखादे वेळीं अंडीं फोडून आला किंवा सुटे पैसे हरवून आला, तर ‘उद्यांपासून तूं जाऊं नकोस’ असें मात्र म्हणूं नये. चुकल्यावर काम काढून घेतलें तर चूक तेवढी मुलाच्या पदरीं राहते. तेंच काम पुनः दिलें तर ती दुरुस्त करण्याचा मार्ग त्यास मोकळा होतो.

आमची आई आतां वृद्ध झाली आहे. आजहि आम्हीं साखर आणली कीं ती पिशवी हातांत घेऊन प्रथम तिचा तळ चांचपून पाहते, आणि आमच्याकडे पाहून हंसते. आम्ही वर्गांत मुलांच्या चुका तपासावयास बसतों तेव्हां तें हंसणें आम्हांस पुष्कळदां आठवतें.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत दूरचा प्रवास घडला तर उत्तमच. न घडला तर एके सकाळीं सायकलीत हवा भरा, आईपाशीं जा, आणि ‘आज काय आणावयाचें आहे?’ असें विचारा. पिशवी मात्र नीट बांधा.