जाधवरावांच्या समाधीखाली

देऊळगाव राजाला माणसे येतात ती बालाजीसाठी. दर्शन झाले, प्रसाद हाती पडला, की मंडळी परतीच्या एस.टी.मागे! थोडी वाट वाकडी केली तर सिंदखेडराजा लागते. तेथेही १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मदिनी, अलोट गर्दी लोटते. पण ती वाड्याभोवती. जिजाऊंच्या वडिलांची समाधी एरवी शांत असते.

२५ जुलै १६२९ रोजी लखुजीराव जाधव दौलताबादेस निजामशहाच्या मुजऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. अचलोजी व राघोजी हे मुलगे आणि यशवंतराव हा नातू, तेही त्याच दिवशी दरबारात कापले गेले. एका घरच्या तीन पिढ्या! जिजाऊंना तेव्हा दिवस गेलेले होते. शिवाजीराजे जन्मले ते १९ फेब्रुवारी १६३० ला, म्हणजे पुरते सात महिनेही लोटले नव्हते. इतिहासाची पुस्तके या माहेरच्या दुःखाला दोन ओळींवर जागा देत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. पूर्वजांच्या त्या राजधानीतच त्यांचा घात व्हावा!

आता २०२४ ची हकीकत ऐका. पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाने समाधीच्या डागडुजीला हात घातला. माती काढताना काही घडीव दगड दिसले, म्हणून खोल गेले तो जुन्या शिवमंदिराचा पाया आणि सभामंडप लागला. आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटरांवर, शेषशायी विष्णू निघाला! लांबी १.७० मीटर, उंची १ मीटर. लक्ष्मी पाय चुरते आहे, मागे समुद्रमंथन, त्यातून निघालेले घोडा आणि ऐरावतसुद्धा. दगड आपल्याकडचा काळा पाषाण नव्हे. मऊ जातीचा, बारीक नक्षी सोसणारा. दक्षिणेत अशा दगडाच्या मूर्ती घडत.

असल्या मूर्तीला संग्रहालयात काच आणि पहारा मिळतो, हे खरे. तरी मला वाटते, ती सिंदखेडलाच असावी. नागपुरात ती शंभरांतली एक होईल. येथे ती पाहणाऱ्याला पायाखालची जमीन दाखवील.

जाणाऱ्याने सकाळीच जावे. जवळचे रामेश्वराचे देऊळ, मोती तलाव, पुतळा बारव पायी पाहून होतात. समाधीपाशी मात्र घड्याळ पाहू नये.