राष्ट्रपतीची निवडणूक : मताचे मोल आणि मताची मोजणी

गेल्या आठवड्याच्या लेखांकात राष्ट्रपतीच्या अधिकारांचा विचार झाला. आता त्या पदावर मनुष्य येतो कसा, या प्रश्नाकडे वळावयाचे. धरणगावच्या मतदाराला हा प्रश्न काहीसा परका वाटला तर त्यात नवल नाही, कारण नगरपरिषदेपासून लोकसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत त्याच्या बोटाला शाई लागते, परंतु देशाच्या सर्वोच्च पदासाठी त्याच्या दारी मत मागावयास कोणी येत नाही. तथापि या निवडणुकीतही त्याचा वाटा असतो आणि तो आकड्यांत मोजून ठेवलेला असतो : धरणगाव ज्या जळगाव ग्रामीण मतदारसंघात मोडते तेथील आमदाराच्या एका मताचे मूल्य १७५, आणि जळगावच्या खासदाराच्या मताचे मूल्य, २०२२ च्या निवडणुकीपुरते बोलावयाचे तर, ७००. हे आकडे कोठून आले, आणि ते मोजताना दुसऱ्या पसंतीला इतके महत्त्व का, हे आज पाहू.

अप्रत्यक्ष निवडणूक ही तालुक्याच्या गावाला अपरिचित वस्तू नव्हे. नगराध्यक्ष लोकांनी निवडावा की नगरसेवकांनी, याविषयी आपल्या राज्याने २०१६ मध्ये एक निर्णय केला, २०२० मध्ये तो फिरविला आणि २०२२ मध्ये तो फिरविलेला निर्णय पुन्हा फिरविला. राष्ट्रपतीच्या बाबतीत मात्र संविधानाने पहिल्या दिवशी जी तजवीज केली तिचे मूळ स्वरूप आजतागायत कायम आहे. संविधान सभेत प्रा. के. टी. शहा यांनी राष्ट्रपती प्रौढ मतदारांनीच थेट निवडावा, असा आग्रह धरला होता. त्यावर पंडित नेहरूंचे म्हणणे असे की, ज्याला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे आहे त्याला कोट्यवधी लोकांचा थेट कौल देऊन पुन्हा खऱ्या सत्तेपासून दूर ठेवणे विसंगत होईल. नेहरूंचे म्हणणे टिकले, आणि मला ते आजही योग्य वाटते. थेट निवडून आलेला राष्ट्रपती आणि थेट निवडून आलेल्या सभागृहाला जबाबदार असलेला पंतप्रधान यांचा कज्जा कोणत्या न्यायालयात चालवावयाचा होता? गमतीची गोष्ट ही की, १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत याच शहांनी डॉ. राजेंद्रप्रसादांविरुद्ध त्याच अप्रत्यक्ष पद्धतीने उमेदवारी केली, आणि ५,०७,४०० विरुद्ध ९२,८२७ अशा फरकाने ते पराभूत झाले.

संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदाप्रमाणे या निवडणुकीचा मतदारगण संसदेच्या दोन्ही सभागृहांतील आणि राज्यांच्या विधानसभांतील निवडून आलेल्या सदस्यांचा बनतो. दिल्ली व पुदुच्चेरी येथील आमदारांचा समावेश पुढे १९९२ मधील सत्तराव्या घटनादुरुस्तीने झाला. ‘निवडून आलेले’ ही अट कसोशीने पाळली जाते. सचिन तेंडुलकर राज्यसभेचे सदस्य असताना २०१२ आणि २०१७ अशा दोन राष्ट्रपती-निवडणुका झाल्या, पण ते नामनिर्देशित असल्यामुळे त्यांना एकीतही मत नव्हते. विधान परिषदेच्या सदस्यांनाही मत नाही, मग त्यांतला एखादा राज्याचा मुख्यमंत्री का असेना.

आता मूल्याचा हिशेब. राज्याची लोकसंख्या विधानसभेतील निर्वाचित जागांनी भागावयाची आणि येणाऱ्या संख्येत हजार किती वेळा जातात ते पाहावयाचे. बाकी पाचशे किंवा अधिक उरली तर एक वाढवावयाचा. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, जागा २८८. भागाकार सुमारे १,७५,०४२. म्हणून मूल्य १७५. या सूत्राचा परिणाम पाहावयास खानदेशाइतका सोयीचा मुलूख दुसरा नाही, कारण आपल्या सीमा दोन राज्यांना भिडलेल्या आहेत. नवापूरच्या आमदाराचे मत १७५ चे, तर सीमेपलीकडे गुजरातच्या आमदाराचे १४७ चे; रावेरच्या आमदाराचे १७५ चे, तर तेथून जवळच असलेल्या बुऱ्हाणपूरच्या आमदाराचे, तो मध्य प्रदेशात मोडत असल्यामुळे, १३१ चे. उत्तर प्रदेशात हाच आकडा २०८ आहे, सिक्कीममध्ये अवघा ७. जळगाव जिल्ह्याचे अकरा, धुळ्याचे पाच आणि नंदुरबारचे चार असे खानदेशचे वीस आमदार एकत्र धरले तर त्यांचे मिळून मूल्य ३,५०० भरते, म्हणजे २०२२ च्या हिशेबाने बरोबर पाच खासदारांइतके.

खासदारांचे मूल्य ठरविण्याची रीत याहून सोपी आहे. देशातील सर्व आमदारांच्या मतमूल्याची बेरीज करावयाची आणि तिला निर्वाचित खासदारांच्या संख्येने भागावयाचे. २०२२ मध्ये ती बेरीज ५,४३,२३१ होती, खासदार ७७६; म्हणून प्रत्येकाचे मूल्य ७००, आणि सर्व खासदारांचे मिळून ५,४३,२००. राज्ये एका पारड्यात आणि संघराज्याची संसद दुसऱ्यात, आणि दोन्हींतला फरक केवळ ३१ मतांचा : ५५ व्या अनुच्छेदाला अभिप्रेत असलेली समानता ती हीच. एरवी कित्येक वर्षे हे मूल्य ७०८ होते. जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्यामुळे २०२२ मध्ये ते उतरले.

मात्र वर १९७१ ची लोकसंख्या धरली, ती का, असे चिकित्सक वाचक विचारील. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठविला आणि पुढे चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत लांबविली. हेतू असा की, ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन त्या कारणाने घटू नये. हेतू चांगला, यात वाद नाही; परंतु परिणाम असा की, आजचा आमदार अर्धशतकापूर्वीच्या माणसांच्या नावाने मत देतो. २०११ ची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ धरली असती तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य १७५ ऐवजी ३९० झाले असते. सर्वच राज्यांचे आकडे फुगले असते हे खरे, पण सारखे फुगले नसते. आणि वाद त्या असमान फुगवट्याचाच आहे. तामिळनाडूच्या आमदाराचे मूल्य आज १७६, म्हणजे आपल्यापेक्षा एकाने अधिक आहे. ताज्या जनगणनेनंतर ते आपल्या बरोबरीला राहील असे मानावयास काही आधार दिसत नाही.

मतदान महाराष्ट्राच्या आमदारांपुरते मुंबईच्या विधान भवनात होते. आमदाराची मतपत्रिका गुलाबी, खासदाराची हिरवी. तिच्यावर निवडणूक-चिन्ह नसते. एका रकान्यात उमेदवारांची नावे आणि दुसऱ्यात रिकाम्या चौकटी. त्या चौकटीत पसंतीचा आकडा लिहावयाचा : पहिल्या पसंतीचा १ लिहिलाच पाहिजे, पुढचे २, ३ लिहिणे ऐच्छिक. आकडा आंतरराष्ट्रीय रूपात, रोमन लिपीच्या रूपात किंवा कोणत्याही भारतीय भाषेच्या अंकांत चालतो, म्हणजे मुक्ताईनगरच्या आमदाराने देवनागरी १ काढला तरी ग्राह्य; पण ‘एक’ असे अक्षरांत लिहिले की मत बाद. फुली, बरोबरची खूण, सही, दोघांपुढे १, यांतले काहीही झाले तरी तीच गत. २०१७ पासून तर जांभळ्या शाईचा लेखणीवजा पेन आयोगच मतदाराच्या हाती देतो आणि त्याचा स्वतःचा पेन बाहेर ठेवून घेतो. इतका बंदोबस्त असूनही २०२२ मध्ये ५३ मते बाद ठरली. कायदे करणाऱ्यांना एक आकडा नियमाप्रमाणे काढता येऊ नये, हे पाहून धरणगावच्या नगरसेवकांना समाधान वाटावयास हरकत नाही, कारण विधान परिषदेच्या जळगाव स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात तेही याच पसंतीक्रमाच्या पद्धतीने मत देतात.

मतदान गुप्त असते, आणि पक्षाला या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही. या मोकळिकीचा राजकीय उपयोग आपल्या राज्याने पुरेपूर केलेला आहे : शिवसेनेने १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध टी. एन. शेषन यांना, आणि २००७ मध्ये स्वतःच्या आघाडीचा उमेदवार सोडून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला. मतदान आटोपले की मोहोरबंद पेट्या विमानाने दिल्लीस जातात. २०२२ मध्ये या पेट्यांना विमानात अधिकाऱ्याशेजारी स्वतंत्र आसन होते आणि त्यांच्या नावाचे तिकीटही काढलेले होते, ही वार्ता पुष्कळांनी वाचली असेल.

मोजणीचा खरा मासला १९६९ चा. डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाले, काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव अधिकृत म्हणून पुढे केले, आणि त्याच पक्षाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सदस्यांना सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणे मत देण्याचे आवाहन केल्यामुळे कार्यवाहक राष्ट्रपतिपद सोडून उभे राहिलेले व्ही. व्ही. गिरी खरे प्रतिस्पर्धी ठरले. तिसरे होते चिंतामणराव देशमुख : रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे गृहस्थ. त्यांना स्वतंत्र पक्षाने आणि जनसंघाने उभे केले होते. एकूण उमेदवार पंधरा. त्यांत पहिल्या लोकसभेत सोलापूरहून गेलेले पां. ना. राजभोजही होते, आणि पाच जणांच्या नावापुढे पहिल्या पसंतीचे एकही मत पडले नाही.

वैध मतांचे मूल्य ८,३६,३३७ झाले. त्याच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ४,१८,१६९, हा कोटा. पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. उरलेल्या साऱ्यांचे मिळून ८,५०५. कोटा कोणीच गाठला नाही. अशा वेळी ज्याची मते सर्वांत कमी त्याला बाद करावयाचे आणि त्याच्या मतपत्रिका उघडून त्यांवर पुढची पसंती ज्याच्या नावापुढे लिहिलेली असेल त्याच्या खाती त्या पूर्ण मूल्यानिशी चढवावयाच्या. खातेदार गेला की सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद होऊन जमीन वारसाच्या नावे लागते, तसेच हे. आणि ज्या मतपत्रिकेवर वारसच लिहिलेला नसेल ती मोजणीतून गळते.

खालून एकेक उमेदवार याप्रमाणे गळत अखेर देशमुखांची पाळी आली. त्यांची मते वाटली गेल्यावर गिरींची बेरीज ४,२०,०७७ आणि रेड्डींची ४,०५,४२७ झाली. येथे वाचकाने वजाबाकी करून पाहावी. बाद झालेल्यांच्या १,२१,२७४ मतांपैकी रेड्डींकडे ९१,८७९ गेली, गिरींकडे अवघी १८,५६२, आणि १०,८३३ वारसाविना गळाली. म्हणजे देशमुखांच्या बाजूची बहुसंख्य दुसरी पसंती रेड्डींना होती, पहिल्या मोजणीतले ८७,९६७ मतांचे अंतर तिने १४,६५० वर आणले, आणि तरीही ती अपुरी पडली. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांनी आले, असे सरसकट म्हटले जाते. ते कोट्याच्या पलीकडे दुसऱ्या पसंतीने गेले हे खरे, पण त्यांना वाचविले ते पहिल्या मोजणीतल्या आघाडीने. निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला, राष्ट्रपती स्वतः साक्ष देण्यास न्यायालयात गेले, आणि १९७० मध्ये निवड कायम झाली. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मोजणी पहिल्या फेरीपलीकडे जाण्याचा प्रसंग त्याखेरीज आजवर आलेला नाही.

त्या १९६९ च्या मतदारगणात एदलाबादच्या आमदार प्रतिभाताई पाटील होत्या. बोदवड तालुक्यातील नाडगाव हे त्यांचे जन्मगाव. १९६२ मध्ये त्या जळगावमधून विधानसभेत गेल्या आणि नंतर एदलाबादमधून सलग निवडून येत राहिल्या. २००७ मध्ये त्या स्वतः उमेदवार झाल्या तेव्हा प्रतिस्पर्धी होते उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत. ताईंच्या यजमानांचे आडनावही शेखावतच, हा निव्वळ योगायोग. १९ जुलै रोजी मतदान आणि २१ जुलै रोजी मोजणी झाली. ताईंना ६,३८,११६, शेखावतांना ३,३१,३०६, कोटा ४,८४,७१२. दुसऱ्या पसंतीकडे पाहण्याचीही गरज उरली नाही, आणि २५ जुलै २००७ रोजी खानदेशच्या कन्येने देशाची पहिली महिला राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली.

हौशी उमेदवारांचा सुळसुळाट १९६९ नंतर कायद्याने आवरला. प्रथम १९७४ मध्ये दहा सूचक व दहा अनुमोदक आवश्यक केले, आणि १९९७ पासून ही संख्या प्रत्येकी पन्नास व अनामत रक्कम १५,००० रुपये झाली. हे सूचक व अनुमोदक मतदारगणातलेच हवेत, त्यामुळे आता अर्ज दाखल करणारे पुष्कळ असले तरी छाननीत टिकणारे बहुधा दोनच उरतात.

पुढील लेखांकात उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीचा विचार करू. तेथे आमदारांना मतच नाही, नामनिर्देशित खासदारांना ते आहे, आणि प्रत्येक मताचे मूल्य एक. तोवर वाचकांनी १९६९ चे आकडे कागदावर मांडून, देशमुखांच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती मुळीच नसती तर काय झाले असते, हे स्वतः काढून पाहावे.