लघुउद्योगांची अदृश्य गळती

लघुउद्योगांच्या अडचणींची चर्चा निघाली, की ती भांडवलाची टंचाई, कच्च्या मालाचे भाव आणि वीजदर या त्रयीपाशी येऊन थांबते. वीजदराविरुद्ध मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात; त्यांतील गाऱ्हाणे पुष्कळदा रास्तही असते. परंतु वीजबिल हा मुख्यतः दर आणि वापर यांचा गुणाकार आहे, आणि यांपैकी वापर बऱ्याच अंशी कारखानदाराच्याच हाती असतो, याचा सहसा विसर पडतो.

एक साधा हिशेब पाहू. दहा अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराने वर्षाला ६,००० तास चालते, असे समजा. तिची कार्यक्षमता ८६ टक्के असेल, तर ती सुमारे ५२,३०० युनिट वीज घेईल. ९० टक्के असेल, तर सुमारे ५०,०००. आठ रुपये दर धरला, तरी हा फरक वर्षाला अठरा हजार रुपयांवर जातो. मोटारीची किंमत एकदाच मोजावी लागते. विजेची किंमत मात्र दरमहा. असे असूनही जळालेली मोटार घाईने रिवाइंडिंग करून पुन्हा जुंपली जाते, आणि ते काम निष्काळजीपणे झाले की तिची कार्यक्षमता आणखी घसरते.

याला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. इचलकरंजीतील खर्चीवाला यंत्रमागधारक दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देतो. पुढील महिन्यात काम मिळेल की नाही याचीच ज्याला शाश्वती नाही, त्याने दोन वर्षांनी वसूल होणारी गुंतवणूक कोणत्या भरवशावर करावी? शेड भाड्याची असेल, तर सुधारणेचा खर्च भाडेकरूचा आणि लाभ मालकाचा, अशीही स्थिती उद्भवते. यंत्रमागांना राज्य शासन वीजदरात सवलत देते. ती आवश्यक असेलही. परंतु सवलत दरवर्षी नव्याने द्यावी लागते, यंत्रातील सुधारणा मात्र वर्षानुवर्षे फळ देते.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला. २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. २०१२ पासून पोलाद, सिमेंट यांसारख्या मोठ्या उद्योगांना बचतीची बंधनकारक उद्दिष्टे देण्यात आली. छोट्या कारखान्यांवर अशी सक्ती लादणे योग्य नव्हे, आणि व्यवहार्यही नव्हे. मात्र त्यांना वाऱ्यावर सोडणे हाही पर्याय नव्हे. कोक जाळणाऱ्या फौंड्रीच्या क्युपोला भट्टीत हवा एकाऐवजी दोन थरांतून सोडली, तर कोक वाचतो, हे सिद्ध झालेले तंत्र आहे. प्रश्न ते छोट्या कारखान्यापर्यंत पोहोचवण्याचा आहे.

सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात याचे उत्तर अवघड नसावे. औद्योगिक वसाहतीच्या सहकारी संस्थेने सर्वांसाठी मिळून एक ऊर्जा-लेखापरीक्षक नेमावा. तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांनी मोजणीचे काम करावे. बँकांनी तारणाबरोबरच बिलातील संभाव्य बचतही विचारात घ्यावी, आणि कर्जाचे हप्ते त्या बचतीतून फिटतील असे बांधून द्यावेत.

खर्च वाढला, की छोटा मालक वीजकंपनीशी घासाघीस करू शकत नाही. तो प्रथम कामगाराच्या मजुरीलाच कात्री लावतो. म्हणूनच वाया गेलेल्या युनिटाचा खरा भार अखेर कोणाच्या चुलीवर पडतो, याचा विचार व्हावयास हवा.