सुप्याची आग आणि गव्हर्नर टेंपल

बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात गेलो, की मला 12 मे 1875 हा दिवस आठवतो. तोही बाजाराचाच दिवस होता. कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. पाठोपाठ 1876 चा मोठा दुष्काळ आला आणि 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

हे टेंपल कोण? जन्म 1826 चा, इंग्लंडातला. विशीत ते कंपनीच्या नोकरीत आले. पंजाबात काम केले, नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर झाले, पुढे हिंदुस्थान सरकारचे अर्थखाते सांभाळले. 1874 मध्ये बिहारात टंचाई पडली, तेव्हा ब्रह्मदेशातून तांदूळ आणून त्यांनी माणसे जगवली. शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका मात्र आला.

खरी गोम इथे आहे. 1877 च्या आरंभी व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना दुष्काळी भागात पाठवले, ते खर्च आवरण्यासाठी. आता हाच माणूस हात आखडू लागला. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर एक आणा, एवढीच मजुरी त्यांनी पुरेशी मानली. हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. 1879 मध्ये तर वासुदेव बळवंत फडक्यांनी गव्हर्नरच्या शिरावर इनाम लावले.

त्याच वर्षी, टेंपल यांच्या कारकिर्दीत, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत नुसता रोखा पाहून निकाल देणे बंद झाले. कर्जाचा मूळ व्यवहार तपासणे न्यायाधीशाला भाग पडले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही थांबले. सुप्याच्या आगीला सरकारने चार वर्षांनी दिलेले हे उत्तर. बारामती-इंदापूरच्या शिवारात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, ते मात्र टेंपल मायदेशी परतल्यानंतर.

मग हा गव्हर्नर चांगला की वाईट? मला वाटते, आपण विचारायचे ते वेगळेच. तो बांधील कोणाला होता? त्या काळी अमेरिकेतल्या राज्यांचे गव्हर्नर मतांवर निवडून येत. आपला गव्हर्नर लंडनहून नेमला जाई. वरून ठपका आला, की खालच्या माणसाची भाकर लहान होई.

1880 मध्ये टेंपल यांनी गव्हर्नरपद सोडले, ते इंग्लंडात पार्लमेंटची निवडणूक लढवायला! त्या वेळी ते हरले. 1885 मध्ये निवडून आले. मतांसाठी ते तिथल्या मतदारांच्या दारी गेले. सुप्याच्या शेतकऱ्याच्या दारी जाण्याची गरज त्यांना कधी पडलीच नाही, कारण त्याच्याकडे मत नव्हते. आज ते आहे. बाजारातून परतताना मी ते विसरत नाही.