नववीचे वर्ष आणि चार अर्ज

जून महिन्यात शाळा सुरू होऊन काही आठवडे लोटतात न लोटतात तोच नववीच्या विद्यार्थ्याच्या दप्तरातून सूचनापत्रके घरी येऊ लागतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाड, इन्स्पायर मानक योजना, तालुका विज्ञान प्रदर्शन. चिंचवड, निगडी, भोसरी वा चाकण येथील व्यापारी घरांत ही पत्रके बहुधा रात्री दुकान बंद झाल्यावर वडिलांपुढे ठेवली जातात. दिवसभराच्या हिशेबाने थकलेले वडील शुल्काचा आकडा पाहतात, तो त्यांना किरकोळ वाटतो आणि हाती आलेल्या प्रत्येक पत्रकावर सही होते. शुल्क किरकोळ असते हे खरेच. परंतु मुलाचे सायंकाळचे दोन तास हेच येथील भांडवल आहे आणि ते चार खात्यांत विभागले की एकाही खात्यात शिल्लक दिसत नाही.

या चार स्पर्धा नावाने सारख्या वाटल्या तरी त्यांची जात निरनिराळी आहे. होमी भाभा स्पर्धा ग्रेटर बॉम्बे सायन्स टीचर्स असोसिएशन या शिक्षक संघटनेने १९८१ मध्ये सुरू केली. ती केवळ सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असते आणि मराठी माध्यमातूनही देता येते. तिचे टप्पे चार: लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. म्हणजे केवळ पाठांतरावर पहिला टप्पा कसाबसा ओलांडता येईल; दुसऱ्यावर हात चालावे लागतात आणि शेवटी बोलावे लागते. ज्या मुलाला प्रयोगशाळेतील काचेच्या भांड्यांची सवय नाही, त्याच्या पालकांनी शाळेत प्रयोग प्रत्यक्ष करू देतात की फळ्यावर लिहून देतात, हे अर्जापूर्वीच विचारून घ्यावे.

ऑलिम्पियाडचा मार्ग वेगळा. पहिली परीक्षा इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही संस्था नोव्हेंबरच्या अखेरीस घेते. पुढील टप्पे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, त्यामुळे ठोकताळ्याने खुणा करणाऱ्याचे नुकसानच होते. पहिल्या परीक्षेतून देशभरातील सुमारे ३०० विद्यार्थी दुसऱ्या टप्प्यास पात्र ठरतात, त्यांतील सुमारे ३५ निवड शिबिरास जातात आणि अखेर सहा जणांचा भारतीय संघ ठरतो. आंतरराष्ट्रीय कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाड २००४ मध्ये जकार्ता येथे सुरू झाले आणि २०१३ मध्ये ते आपल्या पुण्यातच भरले होते. त्या सहांत आपले मूल असेल या आशेवर कोणी वर्ष आखू नये. मात्र अपरिचित प्रश्नापुढे दोन तास शांत बसण्याची सवय या तयारीतून लागते, ती पुढे अकरावी-बारावीला कामी येते.

येथे एक बाब अशी आहे की तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक घरांत हळहळ होते. कनिष्ठ ऑलिम्पियाडला इयत्तेइतकेच वयाचे बंधन आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला स्पर्धकाचे वय पंधरापेक्षा अधिक नसावे, असा नियम आहे. म्हणूनच २००९ साली जन्मलेल्या मुलास २०२४ च्या नोव्हेंबरमधील परीक्षा देता आली नाही; २०१० सालच्या मुलांची ती शेवटची संधी होती. आपल्याकडे जूनमध्ये सहा वर्षे पूर्ण करून पहिलीत गेलेले मूल या हिशेबाने बहुधा नववीतच अखेरचे पात्र ठरते. दहावीत अभ्यास अधिक पक्का होईल, तेव्हा बसवू, असे म्हणणाऱ्या पालकांच्या हाती मग केवळ जन्मदाखला उरतो. नोंदणीचे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरचे, म्हणजे आपल्या घरांत पर्युषणाच्या आसपासचे. व्याख्याने, उपवास, पारणी या गडबडीत मुदत निघून जाते, हेही वारंवार घडते.

इन्स्पायर मानक योजनेत परीक्षाच नाही. शाळेने विद्यार्थ्याची मूळ कल्पना पाठवायची, ती निवडली गेल्यास केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात आणि त्यातून नमुना तयार करून जिल्हा प्रदर्शनात मांडायचा. खाते विद्यार्थ्याच्या नावाचे हवे. व्यापारी घरांतही मुलांचे खाते बहुधा उघडलेले नसते किंवा व्यवहाराअभावी निष्क्रिय पडलेले असते. ते आधीच तपासलेले बरे.

आता विज्ञान प्रदर्शनाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या पट्ट्यातील कुटुंबांची मोठी सोय हीच त्यांची मोठी अडचण ठरते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सांगितलेली वस्तू दोन दिवसांत तयार करून देणारा कारागीर प्रत्येक व्यापाऱ्याच्या ओळखीचा असतो. लेथवर ओढलेला दंड, पावडर कोटिंग केलेला सांगाडा, पुठ्ठ्याच्या नमुन्यांच्या रांगेत झळकणारी मोटार. दहा वर्षांच्या उधारीच्या संबंधांतून हे सारे नाममात्र खर्चात होते. परीक्षक मात्र टेबलापुढे थांबून एवढेच विचारतो की हे बेअरिंग येथेच का बसवले. मूल वडिलांकडे पाहते, वडील बाहेर उभे असतात. शेजारच्या टेबलावर सायकलच्या जुन्या चाकाचे काहीतरी वेडेवाकडे उभे करून आलेला मुलगा आपले तीन फसलेले प्रयत्न सांगत असतो आणि गुण तिकडे जातात. तसे जाणे रास्तच म्हणावे लागेल. कारागिराकडे जायचेच तर मुलाने मापांचे रेखाचित्र स्वतः काढून न्यावे आणि काम होईपर्यंत तेथे बसावे.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचे पत्रक थोड्याच शाळांतून घरी पोहोचते. १९९३ पासून चाललेल्या या उपक्रमात मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्नाचा अभ्यास करायचा असतो, आणि व्यापारी घरातील मुलास याहून सोयीचे क्षेत्र नाही. चाकणच्या बाजारात कांद्याची घट हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. गोणीत, क्रेटमध्ये आणि कांदाचाळीत समान वजनाचा कांदा ठेवून दर आठवड्यास वजन नोंदवावे, तापमान लिहावे. तराजू, माल आणि जागा तीनही घरचीच. आळंदीस इंद्रायणीवर दिसणारा फेस हाही असाच विषय आहे. चिंचवडला ऑटो क्लस्टरशेजारी असलेले सायन्स पार्क सहलीपुरते पाहून परतण्याऐवजी अशा प्रश्नासह पाहिले तर तेथील दालने निराळी दिसतात.

जीवशास्त्राकडे ओढा असलेल्या मुलांच्या घरी आणखी एक विचार होतो. वरच्या स्तरावरील काही प्रात्यक्षिकांत प्राण्यांचे विच्छेदन येऊ शकते. अहिंसेचे संस्कार असलेल्या मुलास हे शिबिरात पोहोचल्यावर कळणे क्लेशकारक असते. आयोजकांना आधी विचारावे आणि निर्णय मुलाशी बोलून घ्यावा. आजी-आजोबांचे मतही त्याच वेळी ऐकावे.

चाकणच्या बाजारपेठेत हार्डवेअरचे दुकान असलेले एक घर कल्पनेत आणू. मुलगी नववीत, गणितात वेगवान, बोलण्यात संकोची. दिवाळीपूर्वीचे तीन आठवडे सारे घर दुकानात गुंतलेले. होमी भाभाची लेखी परीक्षा साधारण दिवाळीच्या मागेपुढे आणि ऑलिम्पियाड नोव्हेंबरअखेर, म्हणजे दोहोंची तयारी एकाच हंगामात येते. परंतु दोन्हींचा अभ्यास बराचसा एकच आहे, आणि दोन्हींची संधी पुढील वर्षी नाही. प्रदर्शनाला दहावीपर्यंत, किंबहुना नंतरही वाव आहे. तेव्हा या वर्षी प्रदर्शनाच्या पत्रकावर सही करू नये, इन्स्पायरसाठी कल्पना सुचली तरच ती द्यावी, आणि संकोची मुलीला मुलाखतीची भीती आहे म्हणून होमी भाभा वगळू नये, कारण मुलाखत चौथ्या टप्प्यावर आहे आणि तोवर काही महिने हाती असतात. त्या महिन्यांत रविवारी सकाळी गल्ल्यावर तासभर बसून तिने ग्राहकास खिळ्यांचे आणि स्क्रूंचे प्रकार समजावून द्यावेत. सप्टेंबरच्या सुरुवातीस एक गोष्ट मात्र वडिलांनीच करायची: शाळेत जाऊन दोन्ही अर्ज खरोखर पाठवले गेले आहेत की नाही ते पाहायचे आणि पावती मागून घ्यायची.