बाळाला घ्यायला कोण आहे?

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की एक वाक्य दरवर्षी हमखास कानावर पडतं. "आमच्या आजीनं दहा-अकरा मुलं वाढवली, आणि आम्हाला दोन झेपत नाहीत!" बोलणारी बहुधा तिशीतली एखादी आई असते. तिच्या एका हातात ताट, दुसऱ्या हातात बाळ, आणि तिसरा हात असता तर तो टेबलाखाली शिरलेल्या थोरल्याला ओढायला लागला असता. ऐकणारी ज्येष्ठ मंडळी मान डोलावतात. "त्या काळची माणसंच वेगळी," असं कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो.

मी आयुष्यभर इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकवलं. माणसं, यंत्रं, रांगा आणि वेळ यांचा मेळ कसा घालायचा, हा माझा विषय. त्यामुळे "माणसंच वेगळी" हे उत्तर मला पुरत नाही. माणसं तीच होती. हिशेब वेगळा होता. तो एकदा मांडावा म्हणून हा लेख.

सतरा पानांचं घर

१९५४ साल धरा. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर. आम्ही सात भावंडं आणि काकांची चार, अशी अकरा मुलं. मोठी माणसं सहा: आजी, आई-वडील, काका-काकू आणि आत्या. रोज दोन्ही वेळा सतरा पानं व्हायची. वडील शाळेत मास्तर, काका हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी. दोघं सकाळी बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत घर बायकांचं आणि मुलांचं.

अकरा मुलं म्हटलं की डोळ्यांपुढे अकरा रडणारी बाळं येतात. पण त्यांतली पाच वर्षांच्या आतबाहेरची, म्हणजे सतत लक्ष ठेवावं लागेल अशी, चारच होती. मी त्यांतला सगळ्यांत मोठा. आता हात मोजा. आजी, आई, काकू, आत्या हे चार जोड. चौदा वर्षांची अक्का, तिच्या खालचा दादा आणि अकरा वर्षांची चुलतबहीण हे आणखी तीन. चार लहानग्यांना सात जणांचे हात. यांतलं कुणीच रिकामं नव्हतं. दळण, पाणी, धुणं, सतरा जणांचा स्वयंपाक चालूच असे. पण मूल रडलं की कुणीतरी हाकेच्या अंतरावर असे, आणि ते आईच असायला हवं असं नव्हतं.

बँकेत पूर्वी प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग असे. पुढे एकच रांग आणि चार खिडक्या अशी पद्धत आली. खिडक्या तेवढ्याच, माणसं तेवढीच, तरी ताटकळणं कमी झालं. कारण एक खिडकी अडली तरी बाकीच्या चालू राहतात. आमचं घर म्हणजे एक रांग आणि सात खिडक्या. आजचं दोन मुलांचं घर म्हणजे दोन खिडक्या. त्यांतली एक ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि दुसरी रात्रभर जागलेली.

कामाची वाटणी

पहाटे तांब्याचा बंब पेटायचा. तान्ह्याची आंघोळ आजीची. ती पाटावर बसून पाय लांब करी आणि बाळाला पायांवर पालथं घेई. तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी, मग धुरी, मग दुपट्यात घट्ट बांधून ते गाठोडं जो समोर असेल त्याच्या हातात. पाळण्यात घालणं हे तिचं काम नव्हतं. शाळेत जाणाऱ्यांनी आपापली आंघोळ उरकायची आणि एका धाकट्याची घालायची. प्रत्येक मोठ्या मुलाला एक 'खालचं' भावंड नेमून दिलेलं असे. त्याची बटणं, त्याचं नाक, त्याचा भांग, त्याची पाटी, सगळं वरच्याकडे.

जेवणाची पंगत मुलांची आधी. अगदी लहानांची तर पंगतही नव्हे. आत्या एका परातीत वरणभात कालवी, वर तुपाचा थेंब, आणि अर्धगोल बसलेल्या चौघांना एकेक घास फिरवी. पाळी चुकली तर घास पुढच्याला जाई. त्यामुळे "मला नको" म्हणणारं मूल मी त्या घरात पाहिलं नाही. नातवंडांच्या मागे वाटी घेऊन पळणारी घरं पाहिली की मला ती परात आठवते.

दिवाळीत सगळ्यांना एकाच ताग्यातल्या कापडाचे सदरे आणि परकर-पोलकी. लवंगी फटाक्यांची माळ सोडवून एकेक फटाका मोजून वाटला जाई. आजारपणंही अशीच वाटून घेतलेली. गोवर एकाला आला की रांगेनं सगळ्यांना.

हिशेबाची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, चला, पुन्हा एकत्र कुटुंब! पण हिशेबाच्या वहीला दुसरं पान असतं, आणि आठवणींच्या लेखांत ते सहसा उघडलं जात नाही.

आईची नऊ बाळंतपणं झाली. दोन मुलं गेली; त्यांची नावं घरात कुणी काढत नसे. आत्या बालविधवा. तिच्या हातून अकरा मुलं मोठी झाली, पण तिच्या श्रमांची नोंद कुठेच नाही. आणि अक्का. १९५३ साली ती सातवीची फायनल गणितात पहिली येऊन पास झाली. त्याच पावसाळ्यात काकूचं बाळंतपण आलं आणि आईचीही तब्येत बिघडली. "एक वर्ष घरी राहू दे, पुढच्या वर्षी बघू," असं ठरलं. ते पुढचं वर्ष आलं नाही.

तिच्या 'खालचा' मी. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, तांदूळ निवडत, तिनं माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी घोकून घेतली. पुढे मी गणिताच्या जोरावर शिष्यवृत्त्या मिळवल्या, इथं आलो, डॉक्टरेट केली. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात प्राध्यापकांची नावं आहेत. पण पहिला पाया घालणारीची स्वतःची शाळा मला आणि माझ्यासारख्यांना सांभाळण्यात सुटली होती. त्या घराच्या सात खिडक्यांतल्या एका खिडकीत तिला बसवलं होतं, आणि तिचा पगार कुणी दिला नाही.

हे ओळखणारी माणसं त्या काळीही होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि त्यापायी आयुष्यभर टीका सोसली. शकुंतला परांजपे यांनी तेच काम पुढे नेलं. १९५० च्या दशकात भारतात बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा १.७ आहे. अमेरिकेतही १९५७ च्या सुमारास तो पावणेचारच्या घरात होता, आज दोनच्या बराच खाली आहे. आईच्या देहावरचा भार उतरला, हे फार मोठं काम झालं.

पण थोरल्या बहिणीचा प्रश्न नेमका पकडला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांतल्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड असे. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मुलीनं भावंडाला घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि शेजारच्या वर्गात बसावं. उपाय इतका साधा! मुलीला उपदेश नाही, आईबापांना दोष नाही. बाळाला घ्यायला दुसरे हात आणले, की शाळेचा रस्ता मोकळा.

शनिवारची पाळी

मी १९७१ साली मिडवेस्टातल्या एका विद्यापीठाच्या गावी आलो. दहा वर्षांनी आमच्याकडे तीन वर्षांची मुलगी, सहा महिन्यांचा मुलगा आणि दाराबाहेर गुडघाभर बर्फ होता. माझी पत्नी सीपीएच्या परीक्षेची तयारी करत होती. म्हणजे पुस्तक उघडून त्याच्यावर झोपत होती. गावातल्या आणखी तीन मराठी घरांत हीच कथा. चार घरांत मिळून नऊ मुलं, सगळी आठ वर्षांच्या आतली.

आम्ही ठरवलं, दर शनिवारी नऊ ते पाच नऊही मुलं एका घरी. म्हणजे चारांपैकी तीन शनिवार मोकळे. नियम मोजके होते. पाळी घराची, बाईची नव्हे. त्या दिवशी नवऱ्यानंही घरीच राहायचं. जेवण सगळ्यांना एकच, एका पातेल्यातलं: मऊ भात, मेतकूट, तूप, बटाट्याची भाजी. मोठ्या मुलांनी धाकट्यांना मदत करायची ती अर्धा तास, मग खेळायला मोकळं. आणि कुणाचाही अभ्यास धाकट्यासाठी अडता कामा नये. हा शेवटचा नियम मी घातला. का, ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

कांजिण्यांची लस इथं १९९५ साली आली. त्याआधीच आमच्या नऊही मुलांनी कांजिण्या एकमेकांत वाटून घेतल्या होत्या. पण दोन वर्षांत माझी पत्नी परीक्षा पास झाली. आणि घरी जेवायला रडवणारा माझा मुलगा परातीभोवती बसून निमूट जेवायला शिकला. ती नऊ मुलं आज चाळिशीत आहेत आणि एकमेकांना सख्ख्या भावंडांसारखी हक्कानं बोलतात.

आजच्या आईबापांकडे आमच्यापेक्षा जास्त साधनं आहेत आणि कमी हात. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात. उपनगरातल्या बंद घरात एकटी आजी आणि एकटं बाळ दिवसभर एकमेकांकडे बघत बसतात. मैलभरावर दुसरी आजी तशीच बसलेली असते. त्या दोघींना आठवड्यातून तीन दिवस एका घरात आणलं तर दोन खिडक्या जोडल्या जातात, आणि दोघींना बोलायला कुणी मिळतं ते वेगळंच. मंडळाच्या यादीत गणपतीच्या आरतीपासून बटाटेवड्यांपर्यंत सगळ्या समित्या आहेत. लहान मुलांच्या घरांची एक यादी, पिनकोडनुसार, एवढंच वाढवायचं आहे. आणि दुसऱ्या पिढीतल्या बापांनो, पाळी घराची असते, हा नियम तुमच्यासाठीही आहे.

अक्का आता ऐंशीच्या पुढे आहे. तिनं आपल्या दोन्ही मुलींना इंजिनिअर केलं. गेल्या वर्षी माझ्या मुलाला मुलगी झाली तेव्हा फोनवर तिनं वजन विचारलं नाही, नाव विचारलं नाही, बाळ कुणासारखं दिसतं तेही नाही. "सूनबाई कामावर कधी जाणार?" तिनं विचारलं. "आणि मग दिवसभर बाळाला घ्यायला कोण आहे?"