फळा स्मार्ट झाला, बाईंना वेळ कधी?

तिसरीपासून एआय! केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस हे जाहीर केलं आणि पालकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप दोन गटांत विभागले. एका गटाला कोडिंगचा क्लास शोधायचाय, दुसरा म्हणतोय, आधी पाढे येऊ देत. २०२६-२७पासून अंमल, आयआयटी मद्रासचे प्रा. कार्तिक रामन अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष, हा तपशील एव्हाना सगळ्यांना पाठ झालाय. बातमीतली खरी मेख खालच्या ओळीत होती. देशभरातल्या एक कोटीहून जास्त शिक्षकांपर्यंत प्रशिक्षण पोचवणं हेच मोठं आव्हान आहे, असं खुद्द शिक्षण सचिव सांगत होते.

त्या एक कोटीतल्या काही बाई पिंपरी-चिंचवडमधल्या निगडीत शिकवतात. भक्ती-शक्ती चौकाच्या एका अंगाला प्राधिकरणातले बंगले आणि वर्गावर्गात टचस्क्रीन लावलेल्या खासगी शाळा, तर दुसऱ्या अंगाला ओटा स्कीम या वस्तीच्या गल्ल्या. मधे मेट्रोचं खोदकाम. महापालिकेच्या शाळेतल्या वर्गात मराठवाड्यातून आलेलं पोर बिहारमधून आलेल्या पोराशेजारी बसतं. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत. घरी स्कॅन करा, व्हिडिओ बघा. पण घरात बऱ्याचदा चालू फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर चाकणला सेकंड शिफ्टला गेलेला असतो. शिफ्ट सुटून कंपनीची बस ओटा स्कीमच्या तोंडाशी येईपर्यंत पोरं झोपलेली असतात. कोड पुस्तकात, फोन चाकणला.

हा क्यूआर कोड आपल्याकडे आला कुठून, हे पुन्हा सांगायला हवं. तो आणणाऱ्या गुरुजींना मिळालेल्या बक्षिसाची रक्कम सगळ्यांच्या लक्षात राहिली, त्यांच्या कामाचा क्रम मात्र विसरला गेला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेवर रणजितसिंह डिसले २००९मध्ये रुजू झाले. पडकी इमारत, एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला सामानाची खोली. मुलींची हजेरी नगण्य. शिवाय पुस्तकाची भाषा एक आणि मुलींच्या घरातली भाषा कन्नड. गुरुजींनी आधी काय केलं? कन्नड शिकले. मग पहिली ते चौथीची पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि त्यानंतर त्यांत क्यूआर कोड घातले, म्हणजे कविता ऐकता यावी, धडा पाहता यावा. तंत्रज्ञान तिसऱ्या नंबरवर होतं. २०१७मध्ये राज्याने ही कल्पना सगळ्या पुस्तकांसाठी उचलली. डिसेंबर २०२०मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. सरकारने कोड उचलला, पण कन्नड शिकणं कुठल्या जीआरमध्ये बसणार? ओटा स्कीमच्या वर्गात आज ज्या बाई भोजपुरीतले चार शब्द कानावर पडून पडून शिकल्यात, त्यांना त्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

प्रमाणपत्र म्हटलं की एमएस-सीआयटी आठवते. आपल्या शिक्षकांच्या एका अख्ख्या पिढीची संगणकाशी ओळख झाली ती वेतनवाढ अडकू नये म्हणून. त्यानंतर शिक्षकाच्या हातात जे जे डिजिटल आलं, त्यातलं बहुतेक वर्गाकडे तोंड करून नव्हतं, कार्यालयाकडे होतं. 'सरल', यू-डायस, शालार्थ ही सरकारी पोर्टलं, आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी. डिसेंबर २०२३पासून तर हजेरीही चॅटबॉटवर भरायची, 'स्मार्ट उपस्थिती' या नावाने. सर्व्हर डाऊन झाला की स्मार्टपणा बाईंनी दाखवायचा: घरी जाऊन, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटा पॅकमधून. शिक्षक तंत्रज्ञान वापरत नाहीत ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही. ते दिवसभर वापरतात, पण ते शिकवण्यासाठी नसतं.

आता मुलांकडे बघू. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. आणि समाजमाध्यमांवर असलेल्यांपैकी त्रास देणारं खातं ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांनाच माहीत होतं. खातं प्रायव्हेट कसं ठेवायचं हे ५५ टक्क्यांना. म्हणजे बटणं दाबायला शिकवण्याची गरज फारशी उरलेली नाही. समोर आलेल्या मजकुरावर शंका कशी घ्यायची, ती कशी तपासायची, हे शिकवायचं राहिलंय. आणि त्याला महागडं पॅनेल लागत नाही. स्वीडनसारख्या देशाने २०२३पासून छापील पुस्तकांवर पुन्हा पैसे ओतायला सुरुवात केली. त्याच वर्षी युनेस्कोच्या अहवालानेही बजावलं, की वर्गातल्या तंत्रज्ञानाचा फायदा होतो याचे भक्कम पुरावे फार थोडे आहेत.

इथे निगडीकडे एक भांडवल आहे. या पट्ट्यातल्या पोरांचे आईबाप वर्कशॉपमध्ये असतात. सीएनसीवर नवं सेटिंग लावलं की मशीन कितीही भारी असो, निघालेला पहिला नग आधी मोजला जातो. व्हर्निअर लागतो, गेज लागतो, ड्रॉइंगशी ताळा होतो. 'फर्स्ट पीस' पास झाला तरच लॉट सुरू. मशीन जपानी आहे म्हणून ऑपरेटर माप सोडत नाही. एआयच्या उत्तराला वर्गात हीच वागणूक द्यायला काय हरकत आहे? चॅटबॉटला विचारा, ओटा स्कीम कधी आणि कशी वसली. उत्तर फळ्यावर लिहा. मग पोरांना घरी पाठवा, आजीला विचारायला, कोणाकडे जुना कागद असेल तर बघायला. दुसऱ्या दिवशी फळ्यावरची कुठली ओळ टिकते आणि कुठली रिजेक्ट होते, ते पोरं ठरवतील. एका वर्गाला एक फोन पुरतो, आणि तो बाईंचा असला तरी चालतो.

असं शिकवणारी माणसं दूर शोधायला नकोत. चाकणच्याच खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५मध्ये जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांच्या अंतिम यादीत होती. तिथे दत्तात्रय वारे गुरुजींनी मुलांनीच एकमेकांना शिकवायची घडी बसवली आणि शाळा उभी करायला गाव पुढे आलं. पुरस्काराचा तो विभागच मुळी समाजाच्या सहभागाचा होता.

तेव्हा एक कोटी शिक्षकांना ऑनलाइन मोड्यूल, शेवटी बहुपर्यायी प्रश्न आणि डाउनलोड करायचं प्रमाणपत्र, असं प्रशिक्षण निघालं तर त्याचा निकाल आत्ताच सांगता येईल. व्हिडिओ म्यूट करून चालू राहील आणि बाई शेजारी वह्या तपासत बसतील. त्यापेक्षा खर्च इकडे करा: प्राथमिक शाळेला लिपिक द्या. हजेरी, आहार, आधार, सगळं त्याच्या टेबलावर. आठवड्यातले दोन तास बाईंना मोकळे सोडा, शेजारच्या शाळेतल्या बाईंबरोबर बसून पाठ रचायला. तिसरीचं एआयचं पुस्तक हातात पडण्याआधी एवढं झालं, तर ते पुस्तक उघडायला वर्गात कोणीतरी असेल.